व्हायोलिन आणि व्हायोला जोडीनं वाजवताना आवाज मिसळायचा कसा

आधी त्या रेकॉर्डिंगचं सांगतो. मागच्या उन्हाळ्यात भाची जालन्याहून आमच्याकडं संभाजीनगरला आली होती, ती व्हायोलिन वाजवते आणि मी वीसेक वर्षं व्हायोलिन घासून मग व्हायोलाकडं, म्हणजे व्हायोलिनच्याच थोड्या मोठ्या, खालच्या सुरातल्या भावाकडं, वळलेला माणूस, तर दोघांनी मिळून भूपातली एक साधी धून वाजवली आणि मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्ड केली. वाजवताना वाटलं काय झकास जमलंय. ऐकल्यावर तोंडच पडलं. ती दिवाणखान्यात वाजवायली आणि मी मागच्या मोरीत बसलोय असं ऐकू येत होतं. बेसूर कुणीच नव्हतं, लय पण बरी होती, तरी दोन वाद्यं दोन घरांत. "मामा, तुमचं जरा उशिराच यायलंय की," ती म्हणाली. मी आधी चिडलो, मग हेडफोन लावून चार वेळा ऐकलं, तर खरंच, माझा प्रत्येक स्वर केसभर मागं.

त्यानंतर वर्षभर जे डोकं फोडलं त्यातलं कामाचं तेवढं लिहितोय. दोघांपैकी एकाला जरी सूर बऱ्यापैकी लागत असेल तर वाचा, अगदीच नवीन असाल तर आधी सहा महिने एकेकट्यानं वाजवा, जोडीची घाई करू नका. आणि एक आधीच सांगतो, सगळ्यांना वाटतं व्हायोला ऐकू येत नाही म्हणून व्हायोलावाल्यानं जोर लावावा. आम्ही पण दोन महिने तेच केलं आणि माझा खांदा धरला. मिसळायचं काम जास्त करून व्हायोलिनवाल्याचं आहे, त्यानं खाली यायचं. कसं ते पुढं येतंच.

वाद्यांचा फरक नीट समजून घ्या

व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई. व्हायोलाच्या सी, जी, डी, ए. म्हणजे जी, डी, ए या तीन तारा दोघांकडं त्याच, त्याच उंचीच्या. फक्त व्हायोलिनकडं वरची ई जास्तीची आणि व्हायोलाकडं खालची सी. कागदावर एवढाच फरक दिसतो, खरी गंमत लाकडात आहे. व्हायोलिनचं पोट साधारण १४ इंच लांब, व्हायोलाचं १५ ते साडेसोळाच्या आसपास. आता आवाज एका पंचमानं (सा ते प एवढ्या अंतरानं) खाली न्यायचा तर हिशोबानं पोट दीडपट व्हायला पाहिजे, म्हणजे २१ इंच, आणि २१ इंची वाद्य हनुवटीखाली धरायला हात कुणाचे आणायचे? म्हणून व्हायोला कायमच त्याच्या सुरांच्या मानानं लहान राहिलाय. त्याचा तो दबका, थोडा नाकातला, थोडा घोगरा आवाज यातूनच येतो, तो दोष समजून घासत बसू नका. तारा जाड असतात त्यामुळं बोलायला वेळ घेतात, आणि बो (गज) पण जड, व्हायोलिनचा ६० ग्रॅमच्या आसपास तर व्हायोलाचा ७०.

हे दबकं प्रकरण मोझार्टलाही माहीत होतं. १७७९ मध्ये त्यानं व्हायोलिन, व्हायोला आणि ऑर्केस्ट्रासाठी जी मोठी रचना केली (के. ३६४, हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) तिच्यात व्हायोलाच्या तारा अर्ध्या स्वरानं चढवायला लावल्यात, म्हणजे वाजवणारा डी मध्ये वाचतो आणि ऐकू ई फ्लॅट येतं. तारा ताणल्या की आवाज जरा उजळतो आणि व्हायोलिनच्या शेजारी उभं राहता येतं. स्वतः मोझार्टला घरगुती मैफलीत व्हायोलाच वाजवायला आवडायचं, हे मी भाचीला वरचेवर ऐकवतो.

वाद्य मिळण्याचं म्हणाल तर आपल्याकडं मराठवाड्यात दुकानात गेलो आणि व्हायोला घेऊन आलो असं सहसा होत नाही. दुकानदार व्हायोलिनच काढून दाखवतो, वर म्हणतो "एकच असतंय ओ ते." मुंबईला धोबी तलावच्या दुकानांत जाऊन हातात धरून बघा, ऑनलाइन मागवायचा तर पोटाची लांबी इंचात विचारूनच मागवा. जुगाड पण आहे एक, जुन्या १४ इंची व्हायोलिनला त्या मापाच्या सी-जी-डी-ए तारा लावायच्या. सी तार मेल्यासारखी वाजते, पण जोडी कशी लागते हे कळायला तेवढं पुरतं, मी पहिले आठ महिने असंच काढले.

व्हायोलिनवरून व्हायोलाला येणाऱ्यांना नोटेशनची भीती असते, कारण व्हायोलाची क्लेफ (कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे सांगणारी खूण) वेगळी, ऑल्टो, मधली रेघ म्हणजे मधला सी. त्याला एक शॉर्टकट आहे. पानावरचे स्वर व्हायोलिनच्या थर्ड पोझिशनमध्ये (हात मानेवर थोडा वर सरकवून) वाजवायचेत असं समजून वाचा आणि बोटं मात्र व्हायोलाच्या फर्स्ट पोझिशनला ठेवा. मधल्या रेघेला व्हायोलिनच्या थर्ड पोझिशनमध्ये खालून दुसऱ्या तारेवर तिसरं बोट येतं, व्हायोलावर सी पण तिथंच आहे, खालून दुसरी तार, तिसरं बोट. शार्प-फ्लॅटला तेवढं सांभाळा. सरगम लिहून वाजवणाऱ्यांना हा त्रासच नाही.

सूर लावणे: इथं एक तास गेला तरी जाऊ द्या

दोघांच्या मोकळ्या तारा एकत्र मांडून बघा: सी, जी, डी, ए, ई. आता पांढरी एक (पेटीची पहिली पांढरी पट्टी) म्हणजे सी हा सा धरा. सी सा, जी पंचम, डी रिषभ, ए धैवत, ई गंधार. सा रे ग प ध. भूप! एकही बोट न ठेवता व्हायोलिन आणि व्हायोला मिळून भूपाचे पाचही स्वर देतात. हे मला ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी मी भाचीला रात्री साडेदहाला फोन केला होता, ती म्हणाली "मामा, झोपा आता."

पण याच भूपात गोची लपलीय. तारा आपण पंचमानं पंचम जुळवत लावतो, ए वरून डी, डी वरून जी, जी वरून सी. प्रत्येक पंचम एकदम शुद्ध लावला तर चार पंचम चढून गेल्यावर जो ई येतो तो सी च्या खऱ्या शुद्ध गंधारापेक्षा चढा निघतो. सेंटमध्ये सांगायचं तर (अर्ध्या स्वराचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे सेंट) तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ वर असतो आणि हा चार पंचमांचा गंधार ४०८ वर. २२ सेंट म्हणजे कानाला चांगलंच बोचतं. धैवताचंही तेच, तोही तेवढाच चढा येतो.

खरं वाटत नसेल तर करून बघा. व्हायोलाची मोकळी सी तार लांब बो नं वाजवत राहा आणि व्हायोलिनवाल्यानं मोकळी ई हळूच सुरू करायची. सी तारेच्या आत पाचवा हार्मोनिक (मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा बारीक स्वर) असतो तो बरोबर या ई जवळ येतो. तारा मोबाईलच्या ट्यूनरवर लावल्या असतील तर तो हार्मोनिक ६५४ हर्ट्झला आणि ई ६५९ ला, म्हणजे सेकंदाला पाच हेलकावे, वॉव-वॉव-वॉव असं स्पष्ट ऐकू येतं. शुद्ध पंचम लावले असतील तर आठेक. आता व्हायोलिनवाल्यानं मोकळी ई सोडून ए तारेवर चौथ्या बोटानं तोच ई घ्यायचा आणि बोट अगदी हळू मागं सरकवत आणायचं, हेलकावे मंद होत जातात, मंद, अजून मंद, आणि एका जागी एकदम थांबतात. आमच्या घरी त्या क्षणाला भाचीनं बो उचलला तरी ई वाजतच राहिला, कारण माझ्या सी तारेनं तो आपल्या पोटात घेतला होता. मिसळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आधी नुसतं पुस्तकी होतं.

मग रोजचं करायचं काय? ए दोघांनी एकच लावायचा, शक्यतो व्हायोलानं द्यायचा आणि व्हायोलिननं घ्यायचा. मग व्हायोलानं डी, जी, सी लावताना प्रत्येक पंचम किंचित आवळता ठेवायचा, म्हणजे खालच्या तारा केसभर चढ्या. व्हायोलिननं ई केसभर उतरती ठेवायची. ट्यूनरवर लावलं तर हे अर्धं काम आपोआप होतं कारण ट्यूनरचे पंचम थोडे आवळलेलेच असतात, बाकीचं कानानं. आणि सी सा धरून वाजवताना व्हायोलिनवाल्यानं मोकळी ई विसरायची. चौथं बोट दुखेल, दुखू द्या.

हिंदुस्थानी पद्धतीनं वाजवणारे आणखी एक करू शकतात, पांढरी दोन म्हणजे डी चा सा धरून तारा बदलून लावायच्या. व्हायोलिनची जी चढवून ए आणि ई उतरवून डी, झालं प-सा-प-सा. व्हायोलाची सी चढवून डी आणि जी चढवून ए, झालं सा-प-सा-प. दोघांच्या सगळ्या मोकळ्या तारा सा आणि प, काहीही वाजवलं तरी मागं गुंजारव राहतो. फक्त तार चढवताना एकदम पीळ देऊ नका, रोज थोडी थोडी चढवा, आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) पुढं झुकली तर सरळ करा. माझी एक जी तार याच नादात गेली, डोळ्याजवळून गेली.

आणि हो, सूर लावताना कूलर बंद करा. ट्यूबलाइट जुन्या चोकची असेल तर ती पण. आपली वीज ५० हर्ट्झची, चोक गुणगुणतो १०० हर्ट्झवर, आणि जी तारेच्या एक सप्तक खालचा जी असतो ९८ ला. म्हणजे खोलीत एक चढा जी सतत चालू असतो आणि कान नकळत त्याच्याकडं ओढला जातो. आम्ही तीन दिवस जी का चढतोय म्हणून एकमेकांवर खापर फोडत होतो, शेवटी लाईट गेली आणि सूर लागला. महावितरणचे असे पण उपकार.

बो: उशिराच्या रोगावर औषध

भाची म्हणाली ते "उशिराच यायलंय" का होतं? जाड तार हलायला वेळ घेते. दोघांनी बरोब्बर एकाच क्षणी बो ओढला तरी व्हायोलिन आधी बोलतं. व्हायोलावाल्यानं यासाठी बो हवेतून आणून टेकवायचा नाही, आधीच तारेवर ठेवायचा, तर्जनीनं थोडं वजन द्यायचं, तार बो ला चिकटल्यासारखी वाटली पाहिजे, आणि मग सुटायचं. आवाजाच्या सुरुवातीला बारीक 'क्' यायला हवा, तो आपल्याला जवळून खरखरीत वाटतो पण पाच फुटांवर ऐकूच येत नाही.

व्हायोलिनवाल्यानं उलटं. सुरुवातीचा ठोसा काढून टाकायचा, बो घोडीपासून थोडा लांब, फिंगरबोर्डकडं सरकवायचा, वजन कमी. मघाशी खाली या म्हणलं ते हेच. जोर कमी केला की आवाज लहान होईल अशी भीती वाटते, पण कमी होतो तो नुसता कडक चकचकीतपणा, त्याच्याखाली व्हायोलिनचा जो गोल आवाज दडलेला असतो तो व्हायोलाच्या जवळचा आहे. उलट व्हायोलानं घोडीच्या जरा जवळ, हळू बो, हाताचं वजन जास्त, म्हणजे थोडी धार येते. दोघं एकमेकांकडं दोन-दोन पावलं टाकतात असं म्हणा, फक्त व्हायोलिननं तीन टाकावीत.

यासाठी आमचा रोजचा व्यायाम असा आहे. दोघांनी मोकळी डी, एकच स्वर, आठ मात्रा एक बो. व्हायब्रेटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) नाही. घरातल्या कुणाला तरी दाराबाहेर उभं करायचं, आमच्याकडं ही ड्यूटी बायकोची, आणि मध्येच एकानं बो उचलायचा. बाहेरच्यानं सांगायचं की कोण थांबलं. लगेच ओळखता आलं तर मिसळलेलं नाही. पहिल्या आठवड्यात बायको दहातले दहा बरोबर सांगायची, स्वयंपाकघरातून कणीक मळता मळता. आता सहा-सात. शून्यावर कधी येणार नाही, आणि यायची गरज पण नाही, दोन वाद्यं आहेत शेवटी.

एकसूर जमला की सप्तकाचं अंतर, मग गंधार-सा, मग धैवत-सा. गंधाराला एक मजा बघा. व्हायोलानं ए तारेवर दुसऱ्या बोटानं सी, व्हायोलिननं त्याच्या वरचा ई, दोघांनी भरीव आवाजात, जवळ जवळ उभं राहून. सूर पक्का जुळला की कानात खाली कुठंतरी तिसराच एक स्वर घुमायला लागतो, कुणीच वाजवत नसलेला, तो म्हणजे व्हायोलाच्या मोकळ्या सी तारेचा स्वर. अठराव्या शतकातल्या इटालियन व्हायोलिनवादक तार्तिनीच्या नावानं हा ओळखला जातो, दोन स्वरांच्या कंपनांतली वजाबाकी असते ती. भाचीला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा ती बो थांबवून खोलीत बघायला लागली की मोबाईल वाजायलाय का. हा तिसरा ऐकू आला तर मोबाईलवरच्या ट्यूनरकडं बघायची गरज नाही, सूर लागलाय.

बो चा कोणता भाग वापरायचा हे पण आधी ठरवा. एकजण टोकाला आणि दुसरा मुठीजवळ असेल तर रंग जुळत नाही, सोपं आहे पण कुणी लक्ष देत नाही. पेन्सिलनं खुणा करा.

व्हायब्रेटो, मींड

व्हायब्रेटो आधी पूर्ण बंद. सूर मिसळले की मग चालू करा. व्हायोलाचा स्वभावानंच संथ आणि रुंद असतो, व्हायोलिनचा बारीक आणि जलद, एकत्र आले की दोन शिलाई मशीन शेजारी चालल्यासारखं होतं. व्हायोलिननं आपला संथ करायचा. लांब स्वराला दोघांनी एकदम हलवू नका, ज्याच्याकडं चाल आहे त्यानंच हलवायचा.

मींडेला अडचण वेगळी. व्हायोलाच्या दोन स्वरांतलं अंतर जास्त, तेवढाच प्रवास करायला बोटाला जास्त जागा कापावी लागते. दोघं एकाच वेगानं बोट सरकवायला लागले तर व्हायोला मागं राहणारच. मींड सुटायची कधी हे ठरवू नका, पोचायची कधी ते ठरवा. आम्ही तोंडानं म्हणून घेतो आधी, गाऊन जुळलं की हातात उतरतं.

कुणी पुढं जायचं, कुणी मागं राहायचं

आपल्याकडं लग्नात सनईवाले येतात त्यांच्याकडं नीट बघा. एक चाल वाजवतो आणि दुसरा गाल फुगवून नुसता सूर धरून बसतो, पोरं त्याला हसतात. पण तो सूर काढून टाका, चाल लगेच उघडी पडते. गोंधळात तुणतुणंवाला झील धरतो तेही तेच. व्हायोलानं हे काम मन लावून शिकावं. मोकळ्या सी आणि जी तारा एकदम धरून सा-प चा सूर द्यायचा, व्हायोलिननं वर सा, रे, ग, प, ध, सां एकेक स्वर आठ मात्रा, घाई न करता, मोकळी तार न वापरता. बो बदलताना मात्र दोघांनी एकदम बदलायचा नाही, नाहीतर मध्ये भोक पडतं.

मग पलटवा, आणि हे अवघड आहे. चाल व्हायोलाकडं, जी आणि डी तारेवर, आणि व्हायोलिननं वर पंचम धरून बसायचं. व्हायोलिनवाल्यांना गप्प बसायची सवय नसते (मी पण होतो तसाच), वरचा स्वर असल्यामुळं ते आपोआप पुढं येतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं चाल तीच. आवाज अर्धा नाही, पाव करा. भाचीला मी म्हणायचो, "तू आता सनईवाल्याचा गाल हायेस," तिला ते अजिबात आवडायचं नाही पण काम व्हायचं.

सुरुवात करताना डोकं हलवण्यापेक्षा श्वास घ्या, नाकातून, ऐकू येईल असा, पुढच्या लयीतच. एक मात्रेचा श्वास, मग सम. तबल्याचं ॲप लावून सराव करताना हे टाळलं जातं म्हणून आठवड्यातून दोन दिवस ॲप बंद ठेवा.

वाजवायचं काय

पाश्चात्त्य वाजवायचं असेल तर सोपं म्हणून प्लेयेलचे दोन व्हायोलिनसाठीचे दुएट (दोघांनी वाजवायच्या रचना) घ्या आणि दुसरा भाग व्हायोलावर वाजवा, दुसरं व्हायोलिन जी च्या खाली जातच नाही त्यामुळं सगळं बसतं. बार्टोकचे १९३१ चे ४४ दुएट पण मुळात दोन व्हायोलिनचेच, पहिले काही अगदी सोपे आहेत आणि लोकगीतांवर असल्यामुळं आपल्या कानाला परके वाटत नाहीत. खास या जोडीसाठी लिहिलेलं हवं तर कार्ल स्टामित्झ आणि अलेस्सांद्रो रोल्ला, रोल्ला स्वतः व्हायोलावाला होता त्यामुळं व्हायोलाला नुसतं झिलकरी करून ठेवत नाही.

आणि मग मोझार्टचे दोन, के. ४२३ आणि के. ४२४, १७८३ चे. त्यामागची हकीकत अशी सांगतात की मायकेल हायडनला, म्हणजे मोठ्या हायडनच्या धाकट्या भावाला, साल्झबर्गच्या आर्चबिशपसाठी सहा दुएट लिहून द्यायचे होते, चार झाले आणि तो आजारी पडला, तेव्हा मोझार्टनं उरलेले दोन लिहून दिले. दोस्तासाठी असाइनमेंट पूर्ण करणं किती जुनं आहे बघा. यात दोन्ही वाद्यं एकमेकांना चाल देत घेत राहतात, कधी दोघंही दोन-दोन तारा एकदम वाजवतात आणि चौघं वाजवतायत असं वाटतं. संथ भाग आधी घ्या. हाल्वोरसेनची हँडेलवरची जी-मायनर पासाकालिया यूट्यूबवर ऐकून सगळे तीच वाजवायला धावतात, ती पाच वर्षांनी.

आपलं वाजवायचं तर पांढरी एक मध्ये भूप, वर सांगितलंच. नंतर गावातल्या काकड्याची एखादी चाल घ्या, ती तुमच्या कानात पक्की असते त्यामुळं डोकं सगळं मिसळण्याकडं देता येतं. कर्नाटकी संगीतातले बालमुरलीकृष्ण स्वतः व्हायोला वाजवायचे, तेव्हा आपल्या संगीतात हे वाद्य बसत नाही असं कुणी म्हणलं तर ऐकून घेऊ नका.

दोघं दोन गावात असाल, आमच्यासारखे, जालना-संभाजीनगर साठ किलोमीटर, तर व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा नाद सोडा, आवाज उशिरा पोचतो आणि दोघं एकमेकांसाठी थांबत थांबत बैलगाडी होते. एकानं रेकॉर्ड करून पाठवायचं, दुसऱ्यानं हेडफोन लावून त्यावर वाजवायचं. आधी व्हायोला रेकॉर्ड करा. व्हायोलिन आधी केलं तर व्हायोला परत मागंच धावत बसतो.

बसायचं कसं, माईक कुठं

समोरून बघताना डावीकडं व्हायोलिन आणि उजवीकडं व्हायोला, एकमेकांकडं तोंड करून, असं सगळे बसतात. यात व्हायोलाची एफच्या आकाराची छिद्रं प्रेक्षकांकडं पाठ करून भिंतीला आवाज सांगतात. आधीच दबका, त्यात पाठमोरा. एकतर व्हायोलावाल्यानं प्रेक्षकांकडं वळून बसायचं किंवा सरळ जागा बदलायच्या. आम्ही बदलल्या, एका दिवसात फरक पडला, वर्षभराच्या रियाझापेक्षा जास्त म्हणलं तरी चालेल. बैठकीवर बसून पायावर वाद्य टेकवून वाजवणाऱ्यांनी व्हायोला लांब आहे हे लक्षात घेऊन गुडघा थोडा पुढं ठेवावा.

माईक एकच, दोघांच्या मध्ये, चार-पाच फूट समोर. एका मंडळात आम्हाला साउंडवाल्यानं दोघांना दोन छोटे माईक चिमट्यानं लावले, व्हायोलिनला एको दिला, व्हायोलाला बास वाढवला. परिणाम असा की भाचीची ई तार डोक्यात जायली आणि माझी सी तार पिठाच्या गिरणीसारखी घुमायली, मध्येच शिट्टी. साउंडवाल्याला म्हणलं, दादा एकच माईक ठेवा, तो म्हणाला "काका, मागं ऐकू येणार नाही." नाही आलं मागं ऐकू. पण पुढच्या चार ओळींत जे आलं ते एकत्र आलं.

आपल्याकडचं हवामान

मे महिन्यात ४२ डिग्रीला कोरड्या हवेत खुंट्या सुटतात, रात्री लावलेला सूर सकाळी सरसर उतरलेला. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवा, खडूची पूड थोडी लावली तरी धरते. कूलरच्या थेट झोतात वाद्य ठेवू नका, एका बाजूनं ओलं आणि दुसऱ्या बाजूनं कोरडं होऊन सांधा सुटतो, आणि पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून हलत नाहीत, तेव्हा पक्कड लावू नका. रोझिन (बो ला लावायची राळ) गाडीत ठेवू नका, उन्हात त्याचा गूळ होतो. व्हायोलाला जरा मऊ रोझिन चांगलं, जाड तार लवकर धरते, पण भर उन्हाळ्यात तेच चिकट होतं म्हणून आम्ही एप्रिल ते जून व्हायोलिनचंच रोझिन दोघं वापरतो. आणि वाजवून झालं की बो सैल करा, दोघांचेही. मी मागच्या मे मध्ये रात्रभर ताणलेला ठेवला, सकाळी काडी वाकडी, ती अजून तशीच आहे, त्याच बो नं वाजवतोय.